हिरवळ, फवारा आणि वीस वाट्या
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, बाई, मला पुरणपोळीवर बोलायला सांगा, पापडांवर सांगा, भाषण कसले करायला लावता? तर त्या म्हणाल्या, "तुमच्या अंगणातल्या फवाऱ्यावर बोला. येताजाता सगळ्या विचारतात." दुसरे कारणही त्यांनी सांगितले. मंडळाच्या खोलीपुढच्या मोकळ्या जागेत हिरवळ करावी आणि तिला फवाऱ्याने पाणी द्यावे, असे काही भगिनींच्या मनात आहे. तेव्हा ज्या बाईने एकदा हा उद्योग करून पाहिला आहे, तिचे चार शब्द आधी ऐकावे, इतकाच आजच्या बोलण्याचा हेतू. त्यात माझे शहाणपण थोडे आहे आणि फजिती पुष्कळ आहे, हे आरंभीच सांगून ठेवते.

आमच्या घरामागे पूर्वी गोठा होता. गुरे गेली, गोठा मोडला आणि जागा उघडी पडली. उन्हाळ्यात तिथली काळी माती इतकी भेगाळायची की भेगेत हाताची बोटे जात. वाऱ्याबरोबर धूळ थेट स्वयंपाकघरात येई. त्यात नातू रांगू लागला. त्याला खेळायला चार पावलांचे हिरवे गवत असावे अशी मला हौस वाटली. वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब जागेत मी हरळीची मुळे लावली. पावसाळाभर ती सुंदर फोफावली. खरी परीक्षा फाल्गुनानंतर सुरू झाली. रोज संध्याकाळी तासभर हातात रबरी पाइप धरून मी उभी राहत असे. मनगट दुखे, स्वयंपाकाला उशीर होई, आणि एवढे करूनही मधोमध चिखल नि कडेला वाळलेले गवत अशी स्थिती.

एके दिवशी पाणी घालून झाल्यावर पाइप गुंडाळून ठेवायला मी विसरले. दिवेलागणीला सासूबाई तुळशीपाशी दिवा लावायला निघाल्या. पाइपात त्यांचा पाय अडकला आणि त्या ओल्या फरशीवर पडल्या. हाड मोडले नाही, ही देवाची कृपा. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शरीर, महिनाभर अंथरुणाला खिळले. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यामुळेच मला अधिक लागले. त्या महिन्यात मी ठरवले की एकतर हे गवत उपटून टाकायचे, नाहीतर पाणी जमिनीखालून न्यायचे. अंगणात पाइप म्हणून दिसता कामा नये.

आमचे धाकटे भाऊजी शेती पाहतात. हरभऱ्याला ते तुषार लावतात, तो टिकटिक आवाज करीत गोल फिरणारा फवारा तुम्ही सर्वांनी वावरात पाहिला असेल. त्याची एक मौजेची गोष्ट आहे. तो शोधून काढला कॅलिफोर्नियातल्या ऑर्टन एंगलहार्ट नावाच्या बागायतदाराने, आणि त्याची बाग होती संत्र्या-लिंबांची! १९३५ साली त्याला पेटंट मिळाले. आपल्या वऱ्हाडातल्या संत्रेवाल्यांना हा माणूस परका वाटू नये. तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, शेतातलं एक नोझल आणून देतो. गच्चीवरच्या टाकीले जोडून द्या, पाह्यजा कसं फिरते ते."

जोडले. घरची सगळी मंडळी, शेजारची मुले, बाजेवर बसलेल्या सासूबाई, सारे बघायला जमले. मी कॉक उघडला. नोझलने एकदा मान हलवली, पाण्याची एक बारीक धार बाहेर आली आणि तिथल्या तिथेच खाली पडली. सासूबाई म्हणाल्या, "माय वं, हे त नुसतं थुकून राह्यलं!"

सगळे हसले, मीही हसले. पण रात्री झोप लागेना. टाकी भरलेली, पाइप नवा, नोझल चांगले, मग पाणी उडत का नाही? दुसऱ्या दिवशी हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या भाचीला विचारले. तिने सांगितले ते इतके सोपे आहे की आपण सगळ्याजणी ते लक्षात ठेवू शकतो. पाणी जितक्या उंचीवर असेल तितका त्याचा खाली दाब. ३३ फूट, म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला १ किलो. आमची टाकी चौदा फुटांवर. म्हणजे दाब अर्धा किलोसुद्धा नाही. शेतातल्या त्या नोझलला नीट फिरायला दोन-अडीच किलो हवेत. ते टाकीच्या जोरावर फिरवायचे तर टाकी सात-आठ मजली इमारतीच्या उंचीवर न्यावी लागेल! नोझलचा दोष नव्हता आणि भाऊजींचाही नव्हता. दाब न मोजता सामान जोडले, हा दोष माझा.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, आणि तुमच्यापैकी जिला हा खटाटोप करायचा असेल तिनेही सामानाच्या दुकानात जाण्यापूर्वी ती लावून घ्यावी. आधी घड्याळ आणि बादली घेऊन बसावे. माझ्याकडे जमिनीवरचा एक हौद आहे, त्यापाशी अर्ध्या अश्वशक्तीचा पंप होता. पंपाच्या तोंडाशी दाब दाखवणारे छोटे घड्याळ बसवले, कॉक आवळत आवळत काटा दीड किलोवर आणला आणि मग पाणी बादलीत घेतले. वीस लिटरची बादली एका मिनिटात भरली. म्हणजे दीड किलो दाबाला मला ताशी १,२०० लिटर मिळतात. या दोन आकड्यांखेरीज फवारे निवडणे म्हणजे माप न घेता चोळी शिवणे.

आता मुख्य गोष्टीकडे येते, कारण तिच्याचमुळे माझ्या हिरवळीचा आकार बदलला.

भाचीने मला आणखी एक हिशेब शिकवला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभे केले की ते बरोबर एक लिटर होते. वैशाखात आपल्या भागात हरळीला दिवसाला साधारण सहा मिलिमीटर पाणी लागते. माझी जागा सुमारे ५६ चौरस मीटर. गुणाकार केला आणि मी पाटावर तशीच बसून राहिले. दिवसाला ३३५ लिटर! खेड्यापाड्यांना नळाचे पाणी देण्यासाठी २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाले, त्यात माणशी दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. म्हणजे सहा माणसांच्या घराला पिण्याला, स्वयंपाकाला, धुण्याला आणि आंघोळीला मिळून जितके पाणी द्यायचे म्हणतात, तितके माझे गवत एकटे पीत होते.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकू कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "पाण्याची बोंब आहे गावात, अन् तुम्ही गवताले पाणी पाजून राह्यल्या?" तेव्हा मला राग आला होता. पाणी माझ्या विहिरीचे आहे, असे मी फणकाऱ्याने म्हणाले होते. हिशेब केल्यावर तो राग टिकला नाही. विहीर माझी असली तरी तिच्यातले झरे काही कुंपण पाहून येत नाहीत. आपण सातपुड्याच्या पायथ्याशी, शहानूरच्या काठी राहतो म्हणून निदान गोडे पाणी पाहतो. इथून दक्षिणेला दर्यापूरकडे गेले की खारपाणपट्टा लागतो. तिथे विहीर खोदली तरी पाणी तोंडात धरवत नाही. माझे माहेर त्या पट्ट्यातले. लहानपणी आईबरोबर गोड्या पाण्यासाठी किती चालले आहे ते मला माहीत, आणि अंजनगावात येऊन तीच मी गवतावर पाणी उधळीत होते.

घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांचा तह आपल्या गावी झाला, हे शाळेत आपण सर्वांनी पाठ केले आहे. आमच्या घरचा तह त्या मानाने कमी कटकटीत झाला. सासूबाईंनी निकाल दिला, "पोराले खेळाले लागते तेवढं ठेव. बाकी झाडं लाव." नातवाला खेळायला बारा फूट गुणिले वीस फूट जागा पुरे होते. तिला दिवसाला सुमारे १३५ लिटर लागतात. उरलेल्या जागेत लिंबू, कढीपत्ता, पारिजातक, मोगऱ्याचे चार वाफे आणि कडेला शेवगा लावला. त्यांना ठिबक, ताशी चार लिटर पाणी सोडणारे ड्रिपर. ठिबकाचे शास्त्र इस्रायलमधल्या सिम्खा ब्लास यांनी वाढवले आणि १९६५ साली हात्झेरिम या वसाहतीत त्याचा कारखाना निघाला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण आपल्या गावच्या पानमळेवाल्यांना त्याचे नवल वाटू नये. नागवेलीला आणि पानपिंपरीला पाणी थोडे पण वरचेवर लागते, मुळाशी ओल हवी पण पाणी तुंबता कामा नये, हे इथल्या बाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आता प्रत्यक्ष काम कसे केले ते सांगते.

बारा बाय वीसच्या त्या तुकड्याला मी सहा छोटे फवारे लावले. चार कोपऱ्यांत पाव वर्तुळ भिजवणारे आणि लांब बाजूंच्या मध्यावर अर्धे वर्तुळ भिजवणारे दोन. कोपऱ्यातला फवारा ताशी ४० लिटर टाकणारा, मधला ८० लिटरचा. अर्ध्याला पावाच्या दुप्पट जागा भिजवायची म्हणून पाणीही दुप्पट, हे जुळवले नाही तर कोपऱ्यात तळे साचते. एका फवाऱ्याची फेक दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचली पाहिजे. दुकानदार सांगतो की अंतर वाढवा, फवारे कमी लागतील. त्याचे ऐकू नये. सहाही मिळून ताशी ३२० लिटर झाले. पंप देतो १,२००, म्हणून उरलेले पाणी परत हौदात जावे यासाठी एक टी आणि कॉक लावून वळणवाट ठेवली. ती ठेवली नसती तर पंप कोंडून तापला असता आणि फवाऱ्यातून धुके उडाले असते.

चर खणण्याचा मुहूर्त मात्र मी चुकवला. ऐन चैत्रात कुदळ मारली, तर काळी माती दगडासारखी. एका सकाळी तीन फूट चर झाला आणि हाताला फोड आले. मग शहाणी झाले. आदल्या रात्री रेघ आखून तेवढ्याच रेघेवर पाणी सोडले, सकाळी माती लोण्यासारखी निघाली. दिवाळीच्या सुमारास केले असते तर तेही लागले नसते. चर एक फूट खोल ठेवला. मुख्य पाइप कडक पीव्हीसीचा एक इंची, आणि फवाऱ्यांकडे जाणारा सोळा मिलिमीटरचा काळा लवचिक लॅटरल. आपली जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, तिच्यात लवचिक पाइप तग धरतो. तो जोडावर चढता चढत नाही. त्याचे टोक चहाच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात क्षणभर धरले की मऊ होते आणि सहज चढते. ही युक्ती मला कोणा मिस्त्रीने शिकवली नाही, प्लॅस्टिकच्या बरणीचे घट्ट झाकण आपण जसे उघडतो तशीच ती सुचली. पीव्हीसीचे जोड सोल्युशन लावून चिकटवल्यावर एक दिवस पाणी सोडू नये. मी चार तासांत सोडले. एल्बो उडाला आणि माझ्या तोंडावर आला.

फवारे बसवण्यापूर्वी पाइपाची टोके उघडी ठेवून पाणी जोरात वाहू द्यावे. माझ्या पाइपातून माती, प्लॅस्टिकचा कीस आणि एक मेलेली गोम निघाली. ते सगळे फवाऱ्याच्या बारीक भोकात जाऊन बसले असते. पंपापुढे जाळीची गाळणी हवीच, आणि ती दर आठवड्याला उघडून धुवायला हवी, जशी आपण चहाची धुतो. पाण्यातल्या क्षाराने भोकावर पांढरी खपली धरली तर फवारा काढून रात्रभर लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवावा. सुई घालू नये. भोक मोठे झाले की तो फवारा कामातून गेला.

स्वतः करण्याचा माझा हट्ट दोन ठिकाणी थांबला. पंपाची वीजजोडणी, अर्थिंग आणि झटका बसताच वीज तोडणारे बटण, हे मी वायरमनकडून करून घेतले. ओले अंगण आणि उघडी वायर यांच्याशी हौस चालत नाही. आणि पिण्याच्या नळाला हे सारे मी जोडले नाही. नळाचा दाब गेला की वाफ्यातले गढूळ पाणी उलटे ओढले जाऊन घराच्या माठात येऊ शकते. नळाचे पाणी आधी हौदात पडावे, हौदातून पुढे जावे.

पहिल्या दिवशी सहाही फवारे उडाले तेव्हा सासूबाई काठी टेकत अंगणात आल्या. या खेपेला थुंकल्याचे नाव नाही! मला वाटले, जिंकले. पण आठ दिवसांत एका कोपऱ्यातले गवत पिवळे पडू लागले. पाणी तर सगळीकडे दिसत होते. दिसण्यावर जाऊ नये म्हणून मी घरातल्या उभ्या कडांच्या वाट्या काढल्या, कमी पडल्या त्या शेजारून आणल्या, आणि अशा वीस वाट्या हिरवळीवर चार-चार फुटांवर मांडल्या. पंधरा मिनिटे फवारे चालवले आणि प्रत्येक वाटीत मुलाची मोजपट्टी बुडवली. कुठे साडेतीन मिलिमीटर, कुठे चार, आणि त्या पिवळ्या कोपऱ्यात जेमतेम एक. फवारा उघडला तर आत वाळूचा एक खडा. तो निघाला आणि पंधरा दिवसांत कोपरा हिरवा झाला. ज्या काकू मला बोलल्या होत्या, त्यांच्याच घरच्या सहा वाट्या त्या वीसांत होत्या. त्या स्वतः मोजपट्टी घेऊन माझ्याबरोबर उकिडव्या बसल्या.

वाट्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. माझे फवारे तासाला चौदा मिलिमीटर पाणी टाकतात, आणि आपली काळी माती एकदा भेगा बुजल्या की इतक्या वेगाने ते पीत नाही. पंचवीस मिनिटे सलग चालवले तर पाणी वाहून गटारात जाते. म्हणून पहाटे बारा मिनिटे, मग तासभर विसावा, मग पुन्हा बारा मिनिटे. मधल्या तासात माझा सडा आणि चहा होतो. पहाटेच का, तर दुपारी अर्धे पाणी वाराच पितो, आणि क्षार असलेले पाणी उन्हात पानावर वाळले तर पानाची कड करपते. ज्यांच्या विहिरीला खारेपणा आहे त्यांनी पानांवर फवारा न उडवता ठिबकच करावे. पाऊस पडल्यावर फवारे बंद करायचे असतात, हेही सांगायला हवे, कारण गेल्या श्रावणात भर पावसात आमचा फवारा उडत होता आणि रस्त्याने जाणारे हसत होते.

आता मंडळाच्या जागेविषयी. चिटणीसबाईंबरोबर मी ती टेपने मोजली. ती चाळीस फूट बाय तीस फूट, म्हणजे माझ्या पहिल्या हिरवळीच्या दुप्पट आहे. सगळीवर गवत केले तर उन्हाळ्यात दिवसाला पावणेसातशे लिटर पाणी लागेल. आपल्याकडे विहीर नाही. टँकर बोलवावा लागेल, आणि टँकर ज्या गल्लीतून येईल त्याच गल्लीत बायका हंडे घेऊन उभ्या असतील. माझे मत विचाराल तर सगळी हिरवळ करू नये. खोलीच्या पायरीपुढे, जिथे आपण कोजागिरीला बसतो, तेवढा दहा बाय बाराचा तुकडा करावा. भिंतीकडेने मोगरा, जाई आणि दोन लिंबे ठिबकावर लावावी. गच्चीचे पावसाचे पाणी हौदात उतरवावे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर विरोध करावा, मी रागावणार नाही. पण मतदानापूर्वी एकदा येऊन माझा हिशेब तपासावा.

चर खणायला मी येईन. भाऊजींनी पाइप अर्ध्या किमतीत आणून देण्याचे कबूल केले आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात वाजता सगळ्यांनी यावे. प्रत्येकीने उभ्या कडेच्या दोन-दोन वाट्या आणाव्यात, मात्र नाव कोरलेल्याच आणाव्यात. मागच्या वेळच्या दोन बिननावाच्या वाट्या अजून माझ्या फडताळात आहेत, ज्या कोणाच्या असतील त्यांनी आज जाताना ओळखून न्याव्यात.